गाव जोडलं, पाडे राहिले

नमस्कार. माइक जरा खाली घेतो, उंची कमीय माझी. हं, आता बरंय. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'विकासतज्ज्ञ' छापलंय ते तेवढं खोडून टाका. मी बांधकामातला माणूस, कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो नि उपअभियंता म्हणून रिटायर झालो, बास. त्यातली अकरा वर्षं काढली धडगावला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका, आणि थोडी शेजारच्या अक्कलकुव्यात. बदलीची ऑर्डर आली तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं होतं, कारण तिकडची बदली म्हणजे शिक्षा असंच आमच्याकडं समजतात. आणि ज्याला शिक्षा म्हणून पाठवलंय तो पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीमागंच लागतो ना. मीही लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

तर नंदुरबार. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोक, त्यातले शेकडा ६९ आदिवासी, भिल्ल, पावरा, कोकणी, मावची असे. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सगळ्यात खाली. हे आकडे तुम्ही पेपरात वाचलेच असतील. पण गंमत अशीय की हा एक जिल्हा नाहीच, दोन आहेत. खाली तापीकाठी शहादा, तळोदा, नंदुरबार, तिथं ऊस, केळी, पपई, मिरची, काळी जमीन, सुरत-भुसावळ रेल्वे. आणि वर सातपुडा, धडगाव, मोलगी, तोरणमाळ, पलीकडं नर्मदा. दोन्हीची सरासरी काढली की वरचं दिसेनासं होतं. अक्राणीत आदिवासी नव्वद टक्क्यांच्या वर आहेत, ते जिल्ह्याच्या आकड्यात ६९ होऊन जातात.

पण मला आज एकाच शब्दावर बोलायचंय. पाडा.

आपल्याला गाव म्हटलं की काय दिसतं, वेस, मारुतीचं देऊळ, पार, एकाला एक चिकटून घरं. सातपुड्यात तसलं काही नाही. तिथं घर असतं शेतात आणि शेत असतं डोंगराच्या उतारावर, पोरगा वेगळा झाला की तो त्याच्या तुकड्यावर दुसरं कुडाचं घर बांधतो, दोन घरांत हाकेचं अंतर, कधी एक अख्खा नाला. अशी दहा-वीस-चाळीस घरं मिळून पाडा, आणि असे आठ-दहा-बारा पाडे मिळून जे होतं त्याला सरकार गाव म्हणतं. एका पाड्यातून दुसऱ्यात जायला दोन-दोन तास लागतात. नकाशावर बघाल तर दीड किलोमीटर. मी सुरवातीला विचारायचो, किती लांब? तर पाड्यातला भाऊ म्हणायचा, 'एक चढ आन् दोन नाले.' मी डायरीत लिहायचो १.५. त्याचं माप बरोबर होतं, माझं चुकीचं, हे कळायला मला एक पावसाळा लागला.

आता सरकारी निकष बघा. निकष वाईट नाहीत हां, उलट डोंगराळ-आदिवासी भागाला सवलत दिलेलीच आहे. सपाटीवर ३० हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, इकडं २० हजारांमागं. उपकेंद्र तिकडं ५ हजारांना, इकडं ३ हजारांना. पंतप्रधान ग्रामसडक सुरू झाली २०००ला, तिच्यात सपाटीवर ५०० लोकवस्ती लागते, इकडं २५० पुरे. चांगलंय की. पण ज्या पाड्यात बावीस घरं नि सव्वाशे माणसं आहेत त्यानं काय करायचं? तो २५० मध्ये बसत नाही, आणि सगळे पाडे मिळून बसवले तर रस्ता जातो पहिल्या पाड्यापर्यंत, जो आधीच डांबराच्या जवळ असतो. तिथं शाळा, तिथं अंगणवाडी, तिथंच पंचायतीचं ऑफिस, तिथंच टाकी. आणि रिपोर्टात आम्ही लिहितो, 'गाव जोडले.' हे दोन शब्द मी स्वतःच्या हातानं किती वेळा लिहिलेत त्याची गिनती नाही. खोटं नव्हतं ते, गाव जोडलंच होतं. अकरा पाडे राहिले होते एवढंच.

सत्तरहून जास्त गावं तर वनगावं म्हणून पडून होती, म्हणजे महसुली गावाच्या यादीतच नाहीत, मग सातबारा कुठला न् कर्ज कुठलं. तिथं रस्त्याचा साधा खडीचा थर टाकायचा तरी आधी वनखात्याची परवानगी. मी त्या फाइलींवर एवढं चहापाणी केलंय की त्यात रस्त्याखालची एक मोरी झाली असती.

बांबूलन्स हा शब्द ऐकलाय का? हसू नका, तिकडं पेपरात बिनधास्त छापतात. बांबूला चादरीची नाहीतर गोधडीची झोळी बांधायची, आत पेशंट, बहुतेक वेळा दिवस भरलेली बाई, दोघं पुढं दोघं मागं, आणि निघायचं डांबराकडं. १०८ ची गाडी येते, येत नाही असं नाही, पण ती येते डांबर संपतं तिथवर. डांबर संपल्यापासून पाड्यापर्यंतचं जे आहे ते खर्चाच्या कुठल्याच हेडखाली येत नाही. आणि डांबराचाही भरवसा किती? सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन घाट उतरत होता, ती वाटेतच गेली. देशभर गाजलं ते. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्याचं कौतुकही देशभर चाललेलं, कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडं ऑक्सिजन प्लांट आधीच उभे होते म्हणून. दोन्ही खरं. प्लांट खाली होते, घाट वर.

नर्मदेकाठी तर वेगळंच. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा नि अक्राणीतली, मणिबेली त्यातलं पहिलं. बरेच लोक तळोदा-शहाद्याकडं वसाहतीत आले, पण काही वरच सरकले, आणि पाणी चढलं तसे डोंगरावरचे पाडे बेटं होऊन बसले. पूर्वी नाला ओलांडून जायचे तिथं आता बोट लागते. तिकडं तरंगता दवाखाना आहे, फोटो फार छान येतात त्याचे. पण बोट काठाला लागते आणि पाडा असतो वर, तो चढ काही बोटीला चढता येत नाही.

कुपोषणावर मी फार बोलणार नाही, तो माझा विषय नाही, डॉक्टर मंडळी बोलतील. फक्त एक सांगतो. २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, अब्दुल कलामांच्या नावानं, त्यात गरोदर आणि स्तनदा आईला एक वेळचं गरम पूर्ण जेवण, लहान मुलांना अंडी. कागदावर वाचा, नाव ठेवायला जागा नाही. पण ते जेवण मिळतं अंगणवाडीत. सातव्या महिन्यातली बाई एका जेवणासाठी रोज नाला उतरून टेकडी चढून येणार न् परत जाणार? ती घरीच भाकर नि आंबाडीची भाजी खाते. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, लोकांमध्ये जागृतीच नाही. अहो जागृती आहे हो, गुडघे नाहीत. आणि दिवाळीनंतर तर पाडेच रिकामे, कुटुंबच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला, पोरं-कोंबड्या सगळं घेऊन. होळीला परत, कारण होळी चुकवायची नाही, ती दिवाळीपेक्षा मोठी. आमची सगळी पाहणी जानेवारी-फेब्रुवारीत चालायची, कारण मार्चएण्ड. कुलूप लावलेली घरं मोजायचो आम्ही.

देशातलं पहिलं आधार कार्ड कुठं दिलं माहितीय? टेंभली, शहादा तालुका, २९ सप्टेंबर २०१०. आपलाच जिल्हा. आणि त्याच जिल्ह्यात वर रेशनच्या मशीनवर अंगठा लावायचा तर दुकानदार मशीन घेऊन रेंज शोधत टेकडीवर, मागं पंचवीस बाया पिशव्या घेऊन. मी पाहिलंय हे.

बरं, पाडा धरून काम होतच नाही असंही नाही. अक्राणीतल्या बिलगावला धबधब्यावर लोकांनी श्रमदान करून छोटं वीजघर बांधलं होतं, २००३ मध्ये, १५ किलोवॅटचं. तिथं कोणी निकष लावला नाही, सगळ्या पाड्यांना तार ओढली. २००६च्या पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात गेलं ते. मी इंजिनिअर म्हणून सांगतो, हिशेबानं बघाल तर बिलगावसारखं स्वस्त काम माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या हातून झालेलं नाही.

आता कायद्याचं. पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा, १९९६चा, त्यात गावाची व्याख्याच अशीय की एक वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जो आपला कारभार आपल्या रीतीनं चालवतो, ते गाव. म्हणजे दिल्लीला पाडा कळला होता, आम्हालाच कळला नाही. महाराष्ट्राचे नियम आले २०१४ ला, त्यानुसार पाडा ठराव करून स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो, मग त्याची स्वतःची ग्रामसभा. रिटायर झाल्यावर एका पाड्यात गेलो होतो असा ठराव लिहायला, ओळखीचे होते म्हणून बोलावलं. मला वाटलं पैशावरून, सीमेवरून भांडण होईल. कसलं काय, दुपार सगळी गेली नावावरून. रेशनकार्डावर आजवर मोठ्या गावाचंच नाव, पाड्याला लोक तीन वेगळ्या नावांनी हाक मारायचे, कारभारी म्हणे हे, पोरं म्हणे ते, बाया मागं बसून हसतायत. शेवटी पिंपळावरून ठेवलं. पिंपळ मागच्या वादळात पडलाय, तरी.

अर्ज भरायला घेतला तर एक रकाना होता, मूळ गावापासूनचं अंतर, किलोमीटरमध्ये. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लिहिलं, दोन तास, उतरताना सव्वा. शेजारी बसलेला पोरगा, बारावी झालेला, म्हणाला, सर हे बाद करतील. म्हटलं करू देत, खोडून ते लिहितील दीड, पण आधी एकदा त्यांना हे वाचू दे.