मी कुठं बघायलो, हातच करायलेत

(फिल्मचं पहिलं दृश्य: अंबाजोगाई. सकाळ. काकांच्या टायपिंगच्या दुकानाचं शटर वर जातं.)

शटर वर गेलं की काका आधी उदबत्ती लावतात, मग इन्व्हर्टरचा दिवा बघतात आणि मग दोन्ही कॉम्प्युटर चालू करतात. उजवीकडचा नवा, विंडोज ११ चा. डावीकडचा जुना, त्यावर अजून विंडोज एक्सपी. लग्नपत्रिका करायला आलेलं गिऱ्हाईक नव्या कॉम्प्युटरसमोर बसतं. काम मात्र डावीकडं होतं.

(काकांचे हात, अगदी जवळून.)

पत्रिकेचा मजकूर चाललाय. आजोबांचं नाव आलं, कंट्रोल एस, म्हणजे केलेलं सेव्ह. मामांचं नाव आलं, कंट्रोल एस. मुहूर्ताची ओळ संपली, पुन्हा एस. ही सवय कुठल्या क्लासात लागलेली नाही, लोडशेडिंगनं लावली आहे. लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा आणि यूपीएस नावापुरता. चार पानांचं काम एकदा असं गेलं की माणूस आयुष्यभर एस दाबतो.

मी विचारलं, "काका, आत्ता कुठली की दाबली?"

त्यांचे हात थांबले. आठवेना. तेच पुन्हा करून बघितलं आणि म्हणाले, "मी कुठं बघायलो? हातच करायलेत."

या एका वाक्यासाठी मी ही फिल्म करतोय. कंट्रोल डी म्हणजे फोटो आणायचा, कंट्रोल टी म्हणजे अक्षराचा आकार-प्रकार, कंट्रोल एम म्हणजे परिच्छेद. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या या कळा काकांच्या डोक्यात नाहीत, बोटांत आहेत. वीस-बावीस वर्षं रोज आठ-दहा तास बसून ती कमाई झाली आहे. सुताराचा रंधा जसा हाताला बसलेला असतो, तशीच. रातोरात रंध्याची मूठ बदलून "आता हे जास्त सोपं आहे" असं सुताराला कुणी सांगत नाही. कॉम्प्युटरवाल्याला मात्र दर दोन-चार वर्षांनी हे ऐकावं लागतं, आणि ते मला मनापासून खटकतं.

पेजमेकर पहिल्यांदा आलं १९८५ साली, आल्डस कंपनीचं. १९९४ मध्ये आल्डस अ‍ॅडोबीकडं गेली. सातवी आवृत्ती २००१ ची, आणि २००४ मध्ये पुढचं काम थांबलं. काकांच्या दुकानात ते अजून थांबलेलं नाही.

(दृश्य: लातूरचा मोंढा. सोयाबीनची पोती, हमाल, सौदा.)

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर गेलो. मुनीमजींच्या टेबलावर माऊस आहे, पण तो वह्यांच्या गठ्ठ्याखाली. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी एफ ९, पेमेंट एफ ५, तारीख बदलायची तर एफ २, आणि शेवटी कंट्रोल ए. बाकी सगळीकडं कंट्रोल ए दाबलं की सगळा मजकूर निवडला जातो. टॅलीत नोंद पक्की होते. समोर शेतकरी हिशोबाच्या पट्टीची वाट बघत उभा असतो, त्याला शेवटची एसटी गाठायची असते. अशा वेळी माऊस शोधत बसलं तर रांग हलत नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात टॅलीची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम, आली. पडद्याचं रूप बदललं, हवं तिथं थेट जायची ऑल्ट जी ही नवी सोय आली. पण एफ ९ खरेदीचंच राहिलं आणि एफ ५ पेमेंटचंच. डेबिट नोट, म्हणजे खरेदीचा माल परत केल्याची नोंद, मात्र कंट्रोल एफ ९ वरून ऑल्ट एफ ५ वर गेली. मुनीमजी सांगत होते, महिनाभर बोटं जुन्याच जागी जायची. एका कळेला महिना. सगळ्याच बदलल्या असत्या तर?

(परत दुकान. उजवीकडचा, नवा कॉम्प्युटर.)

विंडोज ११ मध्ये फाइलवर राईट क्लिक केलं की छोटी यादी येते. सुरुवातीला कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन तिथं नुसती चित्रं आली. ओळखीची जुनी यादी हवी तर 'शो मोअर ऑप्शन्स'वर आणखी एक क्लिक. यादी सुटसुटीत झाली, हे मान्य. पण दिवसातून दोनशे वेळा ती उघडणाऱ्याला दोनशे क्लिक वाढले. शिफ्ट आणि एफ १० एकदम दाबलं की जुनी यादी थेट उघडते. काकांना मी हे दाखवलं, तेव्हा त्यांनी ते लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

कळा सांभाळणं अवघड असतं असंही नाही. १९८७ मध्ये आयबीएमनं घालून दिलेली शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट, शिफ्ट-इन्सर्ट ही कट-कॉपी-पेस्टची रीत विंडोजमध्ये मजकूर लिहिताना अजून चालते. खुद्द अ‍ॅडोबीनं पेजमेकरनंतर इनडिझाइन पुढं केलं, तेव्हा त्यात पेजमेकरच्या कळांचा अख्खा संच निवडायची सोय ठेवली. जुन्या माणसाला नव्या घरात बोलावताना त्याची खाट सोबत आणू द्यावी, तसं ते होतं. मला ते फार आवडतं.

एक्सपी कायम चालवत राहा, असं मी म्हणणार नाही. ८ एप्रिल २०१४ ला त्याचा सपोर्ट संपला. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टला पुन्हा एकदा एक्सपीसाठी दुरुस्ती काढावी लागली, इतकी ती मशिनं जगभर चालू होती. काकांनी आपल्यापुरती वाट काढली आहे: डावीकडच्या कॉम्प्युटरला इंटरनेटची वायरच नाही. पेन ड्राइव्ह आला की आधी उजवीकडं तपासायचा, मग डावीकडं.

(दृश्य: जुनी सीडी. त्यावर मार्करनं लिहिलेलं: 'ओव्या'.)

ही सीडी आमच्या घरची. २००४ साली वडिलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या याच दुकानात टाइप करून घेतल्या होत्या. पुस्तिका काढायची होती, राहून गेली. मध्यंतरी शहरातल्या एका दुकानात मी सीडी दिली. "फाइल करप्ट आहे," म्हणून परत आली. मी विश्वास ठेवला, आणि पाच वर्षं ती कपाटात पडली.

फाइल करप्ट नव्हती. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असायचे, वर फक्त मराठी आकार चढवलेला. तो फॉन्ट नसला की नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. आणि हा फॉन्ट सुरू व्हायला एक कुलूप लागतं, हार्डवेअर लॉक. ते काकांच्या जुन्या मशीनमागं प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावलेलं आहे. नव्या मशीनला तसं पोर्टच नाही, सीडीचा ड्राइव्हही नाही.

याच गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गेलेल्या माणसानं कापडावर लिहिलेलं. ते वाचायला कापड, लिपी आणि डोळे पुरतात. आजीच्या ओव्या वाचायला सीडी ड्राइव्ह, एक्सपी, पेजमेकर, फॉन्ट आणि कुलूप, पाचही जागेवर लागतात.

काकांनी सीडी घातली. ड्राइव्ह घरघरला. पडद्यावर पहिली ओवी आली, पंढरीची. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आता मजकूर युनिकोडमध्ये न्यायचं काम चाललंय. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही फॉन्टमध्ये 'क'च राहतो. कन्व्हर्टर बरंचसं करतो, पण पहिली वेलांटी आणि रफार घसरतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. काकांचा हात जुन्या सवयीनं वेलांटी आधी मारतो, पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, आणि लगेच कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं मागं.

(दृश्य: आत्या, चष्मा, हातात छापील पानं.)

ओव्या तपासायला आत्याला आणलंय. तिला बहुतेक तोंडपाठ आहेत. काका वाचतात, ती मान हलवते. तिसऱ्या पानावर तिनं थांबवलं.

"हितं 'आई' कुणी केलं? 'माय' म्हणायची ती."

काकांनी शब्द खोडला. 'माय' लिहिलं. कंट्रोल एस.