लाच सापडते ती खतावणीत

नमस्कार मंडळी. मागं आवाज येत नसंल तर हात वर करा, म्हणजे मी तरी ओरडतो नाहीतर तुम्ही तरी पुढं या, पुढच्या दोन रांगा मोकळ्याच आहेत, आपल्याकडं पुढं बसणं म्हणजे शिक्षाच वाटती लोकायला. पत्रिकेत विषय लई जंगी छापलाय, 'आंतरराष्ट्रीय व्यापार आणि त्याला लागू होणारे शेअर बाजाराचे व लाचविरोधी कायदे'. हे सगळं पाऊण तासात. त्यातली पंधरा मिनिटं सत्कारात गेली, शाल चांगलीय, तक्रार नाही.

मी काही वकील नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासले, जालन्याच्या मोंढ्यात आडत दुकानाच्या रोजमेळापासून सुरू केलं आणि शेवटी परदेशी कंपन्यांच्या इथल्या पोरकंपन्यांपर्यंत आलो. त्यामुळं मला सगळं जग खतावणीतूनच, म्हणजे हिशोबाच्या खात्यांच्या वहीतूनच दिसतं, त्याला इलाज नाही. आणि माझं एकच म्हणणंय, लाच सापडते ती खतावणीत, जिथं ऐकून घेतील तिथं मी ते सांगत असतो. तुम्ही विचारताय, अमेरिकेचा लाचविरोधी कायदा इथं आपल्या एमआयडीसीत, वाळूजला आणि शेंद्र्याला कसा काय लागू होतो, आपण काय त्यांचे नागरिक आहोत का. तर बाबांनो, कायदा इकडं यायला लागतच नाही. आपली नोंद तिकडं जाती. कशी जाती ते सांगतो, पण आधी हा कायदा कुठून निघाला ते बघू, कारण त्यात मजा आहे.

१९७३ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट प्रकरणाची चौकशी टीव्हीवर चालू होती. मोठमोठ्या कंपन्यांनी निक्सनच्या निवडणुकीला गुपचूप पैसे दिले हे बाहेर यायलं. सगळा देश बघायलाय निक्सनचं काय होतंय. आणि सेक, म्हणजे आपल्याकडं जशी सेबी तशी तिकडची शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था, तिथला स्टॅन्ली स्पोर्किन नावाचा अधिकारी हेच बघत बसलाय, पण त्याच्या डोक्यात किडा वेगळाच. की ते राजकारण जाऊ द्या, हे पैसे यांनी हिशोबात कुठल्या खात्याला टाकले असतील? हा माणूस मला लई जवळचा वाटतो. ज्यानं कीर्द-खतावणी घातलेली असती त्यालाच असला प्रश्न पडतो, वकिलाला पडत नाही. (वकील मंडळी आलेली दिसतात, हसू द्या, हसू द्या.)

मग सेकनं चौकशी लावली आणि कंपन्यांना सांगितलं, तुम्ही होऊन कबूल करा. चारशेच्या वर कंपन्यांनी कबूल केलं, रक्कम ३० कोटी डॉलरच्या पुढं, आणि हे सत्तरच्या दशकातले डॉलर बरं का. त्यात लॉकहीड ही विमानवाली कंपनी. तिनं जपानात विमानं खपवायला पैसे वाटले, आणि पावत्या कशाच्या, तर शेंगदाण्याच्या! 'शंभर शेंगदाणे मिळाले', खाली सही. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. आपल्या मोंढ्यात कुणी असली पावती दाखवली असती तर हमालानं सुद्धा विचारलं असतं, बाबा नगानं शेंगदाणे कोण घेतं, पोतं किती, वजन किती, ओल किती. तिकडं कुणीच विचारलं नाही. शेवटी १९७६ ला जपानचे माजी पंतप्रधान तानाका अटकेत गेले, आणि १९७७ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष कार्टरनं कायद्यावर सही केली. फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट, सगळे एफसीपीए म्हणतात.

या कायद्याचे भाग दोन. पहिला सगळ्यांना माहितीय, परदेशी सरकारी माणसाला काम मिळवायला लाच द्यायची नाही. दुसरा कुणी वाचतच नाही आणि माझा जीव त्यातच अडकलाय. तो म्हणतो, ज्या कंपनीचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आहेत तिनं हिशोब खरे ठेवायचे, पुरेशा तपशिलानं ठेवायचे, आणि पैसा परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही अशी आतली व्यवस्था ठेवायची. हे १९३४ च्या त्यांच्या शेअर बाजाराच्या कायद्यात नेऊन बसवलं. म्हणजे एकाच दावणीला दोन्ही बांधले, शेअर बाजार पण आणि लाच पण. आणि यात किमान रकमेची अट नाही. दहा हजाराची खोटी नोंद ही सुद्धा खोटीच नोंद.

आता आपल्या इथली गोष्ट. नाव-गाव सांगणार नाही, ओळखलं तरी गप बसा. एक गुत्तेदार, फॅब्रिकेशनवाला, चांगला कामाचा माणूस. त्याला एका परदेशी कंपनीच्या शेडचं काम मिळालं, सगळं त्याच्याच गळ्यात, शेड उभी करा, लाईटचं कनेक्शन आणा, फायरची एनओसी आणा, आम्हाला फक्त चावी द्या. कंपनीला वाटलं आपण लई हुशार, परवानग्यांची कटकट गुत्तेदारावर ढकलली. शेड झाली. लाईट काही येईना. फाईल एका टेबलावर बसली ती बसलीच. कामून बसली ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. मग याच्या सुपरवायजरनं एक दिवस पाकीट नेलं, आणि आठ दिवसात लाईट आली. सगळे खूश.

प्रश्न आला की लिहायचं काय. त्याच्याकडं पूर्वी एक म्हातारे मुनीम होते, लाल चोपडीवाले, ते असते तर त्यांनी सरळ लिहिलं असतं 'लाईटीचे साहेब' आणि पुढं रक्कम. पण आता टॅलीवर बसलेलं पोरगं, नवं बी.कॉम., हुशार, त्यानं टाकलं 'फोर्कलिफ्ट रिपेअर'. एक बिल पण आणलं कुठून तरी, गॅरेजचा शिक्का वगैरे. गुत्तेदारानं कंपनीला जे फायनल बिल दिलं त्यात ही रक्कम, वर थोडा नफा धरून, 'साईट एक्स्पेन्सेस' मधे गेली. कंपनीच्या इथल्या अकाउंटवाल्यानं ती 'बिल्डिंग' मधे टाकली. म्हणजे बघा, साहेबाला दिलेलं पाकीट आता चक्क इमारतीचा भाग झालं, त्याच्यावर दरवर्षी घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, निघायला लागला! असा घसारा मी कुठंच बघितला नाही.

दोन वर्षांनी कंपनीचा आतला ऑडिट आला, बंगलोरहून एक बारकं पोरगं, शर्ट इन केलेला, पाणी पण स्वतःच्या बाटलीतलंच प्यायचं. गुत्तेदाराशी करारात कलम होतं की आम्ही तुमचे हिशोब कधीही बघू. आपण असली कलमं वाचतो का, सही कुठं करायची तेवढं बघतो. पोरगं बसलं दिवसभर, चहा नको, नाश्ता नको, आणि चार वाजता अगदी नम्रपणे विचारलं, अंकल, फोर्कलिफ्ट कुठंय?

फोर्कलिफ्ट नव्हताच. त्याच्याकडं कधीच नव्हता, एक जुनी हायड्रा क्रेन होती ती पण भावाच्या नावावर. गुत्तेदार म्हणाला भाड्यानं आणला होता. पोरगं म्हणालं बरं, मग भाड्याचं बिल दाखवा. ते नाही. आणि भाड्याच्या फोर्कलिफ्टची रिपेअरी तुम्ही का केली? मला संध्याकाळी फोन आला, सर या ना जरा. मी गेलो आणि पहिलं ते गॅरेजचं बिल बघितलं. बिलावर फोर्कलिफ्टचा नंबर टाकलाय, आणि नंबर कुणाचा, तर त्या टॅलीवाल्या पोराच्या स्वतःच्या मोटरसायकलचा! आता काय बोलणार.

कंपनीनं गुत्तेदाराला काळ्या यादीत टाकलं, पेमेंट अडकलं, इथला प्लांट हेड गेला घरी. त्या साहेबाचं काय झालं विचारताय? बदली झाली, चांगल्या जागी.

हसायलाय तुम्ही, पण हेच जगभर झालंय. वॉलमार्टचं बघा, २०१९, २८ कोटी २० लाख डॉलर भरले, त्यात मेक्सिको, ब्राझील, चीन आणि आपला भारत. भारतातल्या जॉइंट व्हेंचरच्या हिशोबात ते पैसे कसे लिहिले होते, तर 'मिस्क फीज', 'मिसलेनियस', 'प्रोफेशनल फीज', 'इन्सिडेंटल'. इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या टॅलीत हे लेजर नाहीत त्यानं हात वर करावा. कॅडबरीचं बघा, हिमाचलात बद्दीच्या कारखान्याच्या परवानग्यांसाठी एजंट नेमला, एजंटनं बिल लावलं अर्ज तयार केल्याचं, आणि सेकचं म्हणणं होतं की अर्ज तर कंपनीच्याच माणसांनी तयार केले होते, मग एजंटला पैसे कशाचे? रक्कम साधारण ९० हजार डॉलर. २०१७ ला दंड १ कोटी ३० लाख डॉलर, तो भरला मालक कंपनी माँडेलीझनं, गुन्हा कबूलही नाही आणि नाकारलाही नाही. आरोप होता हिशोबाचा आणि आतल्या व्यवस्थेचा. लाच दिल्याचं कलम लावायची गरजच पडली नाही. कॉग्निझंटचं २०१९ चं प्रकरण तर आपल्या गुत्तेदारांनी पाठच करावं, चेन्नईच्या कॅम्पसची परवानगी, पैसे गुत्तेदारानं द्यायचे आणि त्याला ते परत कसे करायचे, तर वाढीव कामाच्या खोट्या मागण्यांमधून. आपण ज्याला एक्स्ट्रा आयटम म्हणतो ते. कंपनीनं २.५ कोटी डॉलरवर मिटवलं.

आणि सगळ्यांचा बाप सीमेन्स. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच इन्कम टॅक्समधे खर्च म्हणून वजा मिळायची, खोटं नाही सांगायलो, आणि तिला नाव होतं 'उपयुक्त खर्च'. पुढं कायदा बदलला, सवय नाही बदलली. मंजुरीच्या कागदावर सही करायची ती चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठीवर, म्हणजे वेळ आली की चिठ्ठी काढून टाकायची, कागद कोरा. २००१ ला कंपनीचे शेअर न्यूयॉर्कला लागले, आणि २००८ ला अमेरिका आणि जर्मनी मिळून १६० कोटी डॉलरच्या आसपास गेले. मूळ कंपनीनं अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला तो कशाचा? खोटे हिशोब आणि आतली व्यवस्था. परत तेच. स्पोर्किनचा किडा.

आता एक तक्रार करतो, पाच मिनिटं... तिकडून चिठ्ठी आली वाटतं. 'वेळ संपत आली, चहा तयार आहे'. बरं. तक्रार थोडक्यात. या कंपन्या आपल्या बारक्या व्हेंडरला जाडजूड प्रश्नावली पाठवतात, तुमच्याकडं लाचविरोधी धोरण आहे का, तक्रार नोंदवायची स्वतंत्र हेल्पलाईन आहे का, सहा माणसांचा वर्कशॉप, तो हेल्पलाईन कुठून आणणार, तो सगळीकडं 'यस' टिक करतो आणि पाठवून देतो. म्हणजे खोट्या नोंदीची सुरुवात यांच्याच कागदावर झाली की! आणि हेच लोक वर विचारणार, लाईट कधी येती, पंधरा तारखेला प्रॉडक्शन पाहिजे. जोर लावा, पण कसा लावला ते सांगू नका. याला मी ढोंग म्हणतो.

तर आता मूळ विषय, पळत पळत. हा कायदा तीन दारांनी येतो. एक, ज्या कंपनीचे शेअर किंवा एडीआर, म्हणजे परदेशी शेअरच्या बदल्यात तिकडं विकली जाणारी पावती, अमेरिकेच्या बाजारात आहेत ती, मग ती भारतातली असली तरी. दोन, अमेरिकेतल्या कंपन्या आणि त्यांचे नागरिक. तीन, १९९८ ला जोडलेलं दार, बाहेरचा माणूस, पण लाचेच्या कामातलं काही अमेरिकेच्या भूमीवर केलं तर. पोरकंपनीत निम्म्याच्या वर हिस्सा असंल तर तिचे हिशोब वरच्या हिशोबात मिसळतात, आणि हीच ती नोंदीची वाट, गुत्तेदाराच्या टॅलीतून पोरकंपनीत, तिथून न्यूयॉर्कच्या वार्षिक अहवालात. सरकारी माणूस म्हणजे नुसता तहसीलदार नाही, महावितरणचा इंजिनिअर, रेल्वेचा, घाटीच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, सरकारच्या हातातली संस्था असंल तर सगळेच.

शेअर बाजाराच्या फसवणुकीचं मात्र उलटं झालं. २०१० ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं मॉरिसन खटल्यात सांगितलं, शेअरचा व्यवहार अमेरिकेत झाला असंल तरच फसवणुकीचं कलम लागंल, ऑस्ट्रेलियात घेतलेल्या शेअरची तक्रार इकडं आणू नका. म्हणून सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं बघा, तिच्या राजूंनी २००९ ला हिशोब खोटे असल्याचं कबूल करणारं जे पत्र लिहिलं त्यानंतर न्यूयॉर्कला एडीआर घेतलेल्यांना १२.५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली, आणि आपल्या हैदराबाद-मुंबईवाल्या गुंतवणूकदाराला त्यातलं काही नाही. घोटाळा तोच, शेअर तोच, बाजार वेगळा.

ब्रिटनचा २०१० चा कायदा अजून कडक, तिथं खाजगी माणसाला दिलेलं पण लाचच, आणि तुमच्या वतीनं कुणी दिली तर 'आम्ही रोखायची पुरेशी व्यवस्था केली होती' हे कंपनीनं सिद्ध करायचं. अमेरिकेत रोजच्या कामाला गती द्यायला दिलेल्या चिरीमिरीला सूट आहे, ब्रिटनमधे नाही, आणि आपल्याकडं तर नाहीच नाही. आपला १९८८ चा कायदा २०१८ ला बदलला, आता देणारा पण आरोपी, कंपनी पण आरोपी. जबरदस्तीनं द्यावी लागली असंल तर सात दिवसात पोलिसात किंवा तपास यंत्रणेला कळवायचं, तरच सुटका. सात दिवस, लिहून घ्या. म्हणजे मघाच्या त्या म्हाताऱ्या मुनिमानं खरं लिहिलं असतं तर ते इथल्या कायद्यात पुरावा झालं असतं, आणि पोरानं खोटं लिहिलं ते तिकडच्या कायद्यात. खातं कुठलंही निवडा.

परदेशी सरकारी माणसाला भारतीय कंपनीनं लाच दिली तर? त्याच्यासाठी २०११ ला विधेयक आलं होतं, ते बारगळलं, अजून वेगळा कायदा नाही.

हां, मागून प्रश्न आलाय, ट्रम्पनं तर हा कायदा थांबवला ना? २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी १८० दिवस नव्या कारवाया थांबवायला सांगितल्या होत्या, जूनमधे नवे निकष आले आणि काम परत सुरू झालं, जरा निवडून-निवडून. कायदा जागच्या जागी आहे. आणि लाचेच्या गुन्ह्याचा खटला भरायची मुदत पाच वर्षांची असती, तिकडं राष्ट्राध्यक्ष चार वर्षांचा असतो, हिशोब तुम्हीच घाला. ज्यांचे परदेशी कंपनीशी करार आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर ते हिशोब तपासायचं कलम काढून वाचा, साधारण शेवटून तिसऱ्या-चौथ्या पानावर असतं. चला, चहा थंड होतोय, बाकीचं तिथंच उभ्या उभ्या विचारा.