पातळ पिठाचा चॉकलेट केक

[कोको पावडरीवर उकळतं पाणी पडतंय]

वाफ बघा. कोकोत दडलेला वास उकळत्या पाण्याने मोकळा होतो. गार दुधात कालवलेला कोको असा घमघमत नाही. कोल्हापुरातल्या या स्वयंपाकघरात केक इथून सुरू होतो. प्रीमिक्सचं पाकीट इथे फुटत नाही.

कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते. ती दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट हॉलंडच्या व्हान हाउटेन घराण्याने 1828 मध्ये घेतलं. मागे राहिलेली पेंड दळली, की ही पावडर. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्रात नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो. साधी पावडर चवीला किंचित आंबट. त्यात ताक पडतं, सोडा पडतो, आणि केक फुलतो.

[चाळणीतून मैदा]

110 ग्रॅम मैद्याला 200 ग्रॅम साखर. जास्त वाटते ना? पण ओल धरून ठेवते ती साखरच. हात आखडला की केक कोरडा. एक अंडं, 120 मिली ताक, 60 मिली तेल. लोणी गार झालं की घट्ट होतं, तेल होत नाही, म्हणून स्पंजमध्ये तेलच. शेवटी कोकोचं पाणी, बारीक धारेने.

पीठ धिरड्याच्या पिठासारखं पातळ झालंय. नवखी माणसं इथे घाबरून मूठभर मैदा वाढवतात. वाढवायचा नाही.

[ओटीजीची, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनची, काच]

180 अंश, अर्ध्या तासाच्या पुढेमागे. ओटीजीत एकच डबा मावतो आणि सोडा घातलेलं पीठ ताटकळलं की बसतं, त्यामुळे दुसऱ्या थराचं पीठ नव्याने भिजवायचं. पहिला थर आम्ही पोचण्याआधीच जाळीवर निवत होता.

[टर्नटेबल, वरून]

आता लोणी. बिनमिठाचं, पांढुरकं होईपर्यंत फेटलेलं. मग आयसिंग शुगर, चाळलेला कोको, चमचाभर दूध, चिमूटभर मीठ. केकवर लावायचं फ्रॉस्टिंग ते हेच. बाजारातली नॉन-डेअरी क्रीम उन्हात जास्त टिकते, हे खरं. ती बहुतेकदा पाम कर्नेल तेलाची असते, हेही खरं.

वरचा फुगवटा सुरीने सपाट. (कापलेला तुकडा कुठे गेला ते कॅमेऱ्याने टिपलेलं नाही.) थर, फ्रॉस्टिंग, थर. मग सगळीकडून पातळसा पहिला हात, भुगा चिकटवून ठेवण्यापुरता. फ्रीजमध्ये थोडा वेळ. त्यानंतर जाड दुसरा हात, आणि पॅलेट नाईफ जागेवर धरून फिरतं ते फक्त टर्नटेबल.

अशा केकला दुपार जाते, भाव चढा लागतो, आणि काही गिऱ्हाइकं भाव ऐकून फोन ठेवतात.

[सुरी गरम पाण्यात बुडवली जाते]

कापण्याआधी फ्रीजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. लोण्याचं फ्रॉस्टिंग गारेगार खाल्लं, तर टाळूला मेणासारखं चिकटतं.