खिडकीतला कप

नमस्कार श्रोतेहो. आज मला तुमच्याशी एका कपाविषयी बोलायचं आहे. कान उडालेला, निळ्या फुलांचा साधा कप. आमच्या स्वयंपाकघरात तो भांड्यांच्या मांडणीत नसायचा, खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा असायचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप.

मावशी बारा वर्षं आमच्याकडे येतात. घरातलं एकूण एक भांडं त्यांच्या हातांनी स्वच्छ होतं, आणि त्यांचा चहा मात्र त्या कपात. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या काळापासून चालत आलं होतं, मी चालू ठेवलं.

मी शाळेत इतिहास शिकवते. महाडचा धडा आला की माझा आवाज आपोआप चढतो. मुलांना मी सांगते, 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण गावातल्या सवर्णांच्या धाकानं त्यात ओंजळ बुडवणं कुणाला शक्य झालं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यावर माणसांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं.

हे सगळं मला तारखांसकट पाठ आहे. तरी कप खिडकीतच होता.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी घाईत होते. चहा गाळला, समोर हाताशी तोच कप होता, स्वच्छ धुतलेला, पालथा घातलेला. मी हात पुढे केला आणि हात थांबला. क्षणभरच. पण का थांबला, हे मला पक्कं कळलं होतं. आदल्याच आठवड्यात वर्गात मी 'ठराव कागदावरच राहिला' हे वाक्य फळ्यावर लिहिलं होतं.

त्या दिवसापासून मला महाडपेक्षाही जोतीराव फुल्यांचा हौद जास्त आठवतो. 1868 साली पुण्यात त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कौन्सिल नाही, ठराव नाही, कोर्ट नाही. तळं गावाचं होतं, हौद घरचा होता. घरातल्या गोष्टीसाठी कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तिथं सबबही उरत नाही. कपासाठी मला कुणाची परवानगी हवी होती?

दुसऱ्या दिवशी तो कप मी मांडणीत ठेवला आणि मावशींना आमच्यातल्या कपात चहा दिला. वाटलं, झालं, सुटला प्रश्न. मावशींनी चहा घेतलाच नाही. आधी खिडकीकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "माझा कप फुटला का ताई?"

मी म्हटलं, "फुटला नाही मावशी. आता सगळे कप सगळ्यांचे. खुर्चीवर बसा आणि प्या."

त्या दाराशी खालीच बसल्या. चहा निवेपर्यंत कप हातात धरून होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला ही सवय नका लावू. पुढच्या घरी चुकून त्यांचा कप उचलला, तर काम जाईल माझं."

श्रोतेहो, माझ्या चांगुलपणाची किंमत त्यांना मोजावी लागेल, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. ती मागतानाही शब्द फार सोपे वाटले, तेच तर मी रोज वापरते.

मावशी आमच्याशिवाय आणखी चार घरी काम करतात. त्यातली दोन आमच्याच इमारतीत आहेत, हळदीकुंकवाला जाण्यायेण्यातली. इतकी वर्षं त्यांच्या खिडकीतले कप मी पाहिले आणि चहा पिऊन परत आले. मावशींना विचारलं, त्या दोघींशी बोलू का? बराच वेळ त्या गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "बोला. पण माझं नाव नका घेऊ."

येत्या रविवारी मी जाणार आहे. खिडकीतल्या माझ्या घरच्या कपापासून सुरुवात करणार आहे.

नमस्कार.