समुद्र चौथ्या मजल्यावर ठेवताना

(ठाण्यात मत्स्यपालनाच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मघापासून बरेच जण विचारतायत, घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळटाकीत पहिला मासा कोणता आणायचा? त्यावर बोलूच. पण आधी हॉलच्या फरशीखाली काय आहे ते बघू.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरा. काठोकाठ भरली तर तिच्यात ४५० लिटर पाणी मावतं, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. काच, खडक, वाळू, संप (म्हणजे स्टँडमधली खालची टाकी, जिच्यात वरचं पाणी उतरतं) आणि स्टँड मिळवलं की ७०० किलोंच्या आसपास जाता. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आय. एस. ८७५ मध्ये धरलेला वापराचा भार आहे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. टाकीच्या पायाखालची जागा पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही. म्हणून स्लॅब लगेच बसेल असं नव्हे, कारण तो आकडा खोलीभर पसरलेल्या वजनाचा आहे. पण टाकी कुठे ठेवता याला फार महत्त्व येतं. खाली बीम असलेल्या भिंतीला लागून ठेवा. खोलीच्या मधोमध नको, बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर अजिबात नको. नौपाड्यातली जुनी इमारत असेल, खालच्या घरात छताच्या सळया उघड्या पडल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नका.

आता स्टँड. वागळे इस्टेटच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचं करून घ्या, किंवा सुताराकडून मरीन प्लायचं. माझं मत लोखंडाच्या बाजूचं आहे, पण एका अटीवर: वेल्डिंग घासून साफ झाल्यावर इपॉक्सी रंगाचे हात सांध्यांच्या आतपर्यंत गेले पाहिजेत. मिठाचा पांढरा थर कडेकडेने सरकत जातो आणि रंग सुटलेली जागा बरोबर शोधून काढतो. लाकडी स्टँड असेल तर वाकून बघा, वरची चौकट थेट पायांवर टेकली आहे का? वजन लाकडातून जमिनीत उतरलं पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. मागच्या बाजूला प्लायची पूर्ण शीट ठोका, म्हणजे स्टँड बाजूला डुलणार नाही. पाणसळ रिकाम्या टाकीवर लावा, अर्धी भरल्यावर लावा, पूर्ण भरल्यावर पुन्हा लावा. काचेच्या दोन टोकांना पाण्याची रेघ वेगळी दिसली तर पाणी काढा आणि स्टँडखाली दुरुस्ती करा. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकू नका.

पहिलं पाणी फक्त चाचणीपुरतं, साधं नळाचं भरा आणि संपमधून पाणी वर चढवणारा मुख्य पंप मुद्दाम बंद करून बघा. या मापाच्या टाकीत पातळी एक इंच उतरली की अठरा-एकोणीस लिटर संपमध्ये येतात. तेवढी रिकामी जागा संपमध्ये नसेल तर रात्री वीज गेल्यावर ते पाणी खालच्या घरात पोचेल. वायरींना खाली झोळ द्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जाणार नाही. आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) खाऱ्या पाण्यात हात घालू नका.

पाणी खाडीचं नको. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, फ्लेमिंगोंना तिथला गाळ मानवतो, प्रवाळांना मानवणार नाही. आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी घ्या, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य. त्यात प्रवाळटाकीचं मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. मग खडक टाकून थांबा. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्यावर यायला कित्येक आठवडे जातात, आणि हे थांबणं दुकानातल्या कोणत्याही औषधाच्या बाटलीपेक्षा मोलाचं आहे.

उन्हाळ्याचं बोलतो, कारण आपल्याकडे टाक्या तिथेच मरतात. प्रवाळांना २५-२६ अंश हवं. त्याहून बरंच वर पाणी राहिलं की ते आपल्या अंगातलं शैवाल सोडून देतात आणि पांढरे पडतात. पंख्याने पाणी गार होतं ते वाफ होऊन. जून उजाडला, हवा दमट झाली की पंख्याचा जोर संपतो. म्हणून चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्या, तोही बंद स्टँडमध्ये कोंडू नका, त्याची गरम हवा बाहेर जाऊ द्या. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घाला, मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

आता जीव. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून ते काढणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. दुकानदार 'सगळे घेतात' म्हणाला तरी कागद मागा, नसेल तर उठून या. झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, दगडी सांगाडा नसलेले जीव) आणि मशरूम प्रवाळांनीसुद्धा टाकी भरून दिसते. मात्र झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला आणि त्यांचा खडक कधीही उकळू नका, काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं.

आणि पहिला मासा: टाकीत पैदास झालेल्या क्लाउनफिशची एक जोडी. त्यांनी महिनाभर नीट खाल्लं, पाण्याच्या चाचण्या स्थिर राहिल्या, की दुसऱ्याचा विचार करा. आता ज्यांनी घराचे नकाशे आणलेत त्यांनी पुढे या, बीम कुठून जातो ते एकेकाचं बघू.