लेबलवरची बारीक अक्षरं

मंडळी, जुना स्वेटशर्ट हातात आला की तो कोणत्या काळातला हे ओळखायला आपली नजर आधी लोगोवर जाते. आज मी तुम्हाला लोगो जरा बाजूला ठेवायला सांगणार आहे. लोगो कंपनीच्या मर्जीने बदलतो. जुन्या लेबलांचा साठा संपेपर्यंत नवं-जुनं दोन्ही शिवलं जातं, आणि हल्ली तर कंपन्या स्वतःच आपले जुने लोगो पुन्हा काढतात. पण त्याखाली बारीक अक्षरांत जो कंटाळवाणा मजकूर असतो ना, धाग्यांचे टक्के, धुण्याच्या सूचना, देशाचं नाव, तो बहुतेक सरकारने छापायला लावलेला असतो. आणि सरकारी नियम कधी लागू झाला त्याची तारीख असते.

अमेरिकेचं घेऊ, कारण बाजारात फिरणारा बराचसा जुना माल तिथला. तिथे लोकरी कपड्यांना लेबल आधीपासून होतं, पण सुती आणि कृत्रिम धाग्यांचं प्रमाण लिहिणं सक्तीचं झालं ते ३ मार्च १९६० पासून. धुण्या-वाळवण्याच्या सूचना कायमच्या शिवलेल्या लेबलवर हव्यात, हा नियम जुलै १९७२चा. देशी मालावरही ‘मेड इन यूएसए’ लिहिलंच पाहिजे, हे डिसेंबर १९८४ पासून. आणि जुलै १९९७ पासून शब्दांऐवजी नुसती चिन्हं, म्हणजे ती पाण्याची बादली, इस्त्री, त्रिकोण वगैरे, चालू लागली. या चार तारखा पाठ करा, निम्मं काम झालं.

आता हा करडा स्वेटशर्ट बघा. चॅम्पियन या अमेरिकी कंपनीचा, ‘रिव्हर्स वीव्ह’ पद्धतीचा; ती पद्धत काय ते पुढे सांगतो. मागच्या रांगेसाठी लेबल वाचून दाखवतो: ८९ टक्के कॉटन, ८ टक्के अ‍ॅक्रिलिक, ३ टक्के रेयॉन. खाली धुण्याच्या सूचना, सगळ्या शब्दांत, एकही चिन्ह नाही. देशाचं नाव कुठेच नाही. मागची बाजूही उलटून पाहिली, कोरी आहे. टक्के आहेत म्हणजे बहुधा १९६० नंतरचा. सूचना आहेत म्हणजे बहुधा १९७२ नंतरचा. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की काही कंपन्या सक्तीच्या आधीही आपणहून सूचना देत असत. आणि देशाचं नाव नाही. अमेरिकेत शिवलेल्या मालावर ते नसणं म्हणजे १९८४च्या आधीचा. आपण साधारण बारा वर्षांच्या पट्ट्यात आलो, आणि अजून लोगोकडे पाहिलेलंही नाही.

इथे एक बारकावा आहे. छापलेली गोष्ट फार तर ‘बहुधा याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते, तेही नेहमी नाही. ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगते ती न छापलेली गोष्ट. ‘मेड इन यूएसए’ दिसलं म्हणून कपडा १९८४ नंतरचा ठरत नाही, ते अभिमानाने आधीही लिहिलं जायचं. पण नसलं तर मात्र बोलतं. अट एकच, लेबल पूर्ण हवं. चॅम्पियनच्या लेबलवर मजकूर खाली असतो, आणि गळ्याशी टोचतं म्हणून लोक नेमकं तेच टोक कापतात. कापलेल्या लेबलवर काही नाही म्हणून कपडा १९५५चा असल्याचं सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. कडेला कात्रीची सरळ रेघ आणि सुटलेले धागे दिसले की समजून जा.

त्याच विक्रेत्यांचा दुसरा आवडता आकडा म्हणजे १९३८. रिव्हर्स वीव्हचं पहिलं पेटंट त्या साली मिळालं, दुसरं १९५२ मध्ये. कापड आडवं फिरवून बेतायचं, म्हणजे धुतल्यावर लांबीला आटत नाही, आणि बाजूला रिबच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या, पट्ट्या घालून हालचालीला जागा द्यायची. कल्पना झकास आहे. पण ती १९३८ची म्हणून तुमच्या हातातला शर्ट १९३८चा होत नाही.

आता आरएन नंबर. अमेरिकी सरकार कंपनीला हा नोंदणी क्रमांक देतं आणि तो लेबलवर येतो. त्यावरून साल काढायचं संग्राहकांचं एक सूत्र आहे: नंबरातून १३६७० वजा करा, २६३५ने भागा, १९५९ मिळवा. नायकेचा नंबर ५६३२३. गणित केलंत तर १९७५ येतं. पण नायकेच्या आजच्या टी-शर्टवरही हाच नंबर असतो! तो कंपनीची नोंदणी कधी झाली ते सांगतो, कपड्याबद्दल फक्त ‘त्याआधीचा नाही’ एवढंच. हे सूत्र लोक ज्या विश्वासाने वापरतात ते पाहून मला पत्रिका मांडणारे गुरुजी आठवतात.

नायकेच्या लेबलांच्या रंगांचा क्रमही सांगितला जातो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नारिंगी, मग निळं, ऐंशीच्या उत्तरार्धापासून करडं, नव्वदच्या मध्यावर पांढरं. ढोबळमानाने बरोबर आहे, पण एकेका वर्षाचे दावे करू नका.

युरोपच्या मालात नकाशा कामाला येतो. आदिदासवर ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असेल तर जर्मनी एक झाली त्या, म्हणजे ऑक्टोबर १९९०च्या, आधीचा. लेबलांचा उरलेला साठा धरून फार तर थोडं पुढे. ट्रेफॉइल, म्हणजे त्यांचा तीन पानांचा लोगो, असेल तर साधारण १९७२च्या पुढचा. म्हणजे दोन्ही बाजू बंद झाल्या. चेकोस्लोव्हाकिया १९९२ अखेर संपलं. युगोस्लाव्हियाला मात्र जपा. मोठा देश १९९१-९२ मध्ये फुटला तरी सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून तेच नाव २००३ पर्यंत चालवत होते. जपानी आदिदासवर ‘देसांत’ असेल, म्हणजे परवान्यावर तो माल काढणाऱ्या तिथल्या कंपनीचं नाव, तर तो परवाना १९९८ मध्ये संपला. आणि धुण्याची चिन्हं युरोपात साठच्या दशकापासून आहेत, तेव्हा १९९७ची मोजपट्टी फ्रेंच ट्रॅकसूटला लावू नका.

नकली मालाबद्दल सारखं विचारलं जातं. नकलीपेक्षा जास्त घोळ कंपनीने स्वतः काढलेल्या जुन्या धाटणीच्या मालाचा होतो. गळ्याचं लेबल हुबेहूब सत्तरच्या दशकातलं. मग तुम्ही कपडा उलटा करा आणि कडेच्या शिवणीत बोटं फिरवा. तिथे सॅटिनची तीन-चार पानांची लेबलं सापडतील, दहा भाषांत, चिन्हांसकट. गळा हौसेसाठी शिवलेला, कड कायद्यासाठी. माझा विश्वास कायम कडेवर.

आणि हे सगळं फक्त परदेशी हौशी लोकांचं आहे असं समजू नका. पश्चिमेतल्या जुन्या कपड्यांच्या गाठी कच्छमध्ये कांडल्याला उतरतात. तिथल्या निर्यात क्षेत्रात कामगार बायका ते कपडे एकेक करून निवडतात आणि विंटेज म्हणून खपेल तो माल वेगळा काढून पुन्हा परदेशी जातो. पानिपतला जातात ते लोकरी कपडे मात्र फाडून सूत करायला, आणि त्याआधी बटणं, चेन, लेबलं कापून टाकली जातात.

प्रश्न आला आहे, लेबलच नसेल तर? आधी गळ्याच्या शिवणीत पाहा. उसवलेल्या लेबलाचे धागे किंवा चिमूटभर तुकडा राहिलेला असतो. शिवणीत काहीच नसेल, तर मानेच्या आत कापडावरच पुसट छपाई आहे का ते उजेडात धरून बघा. हेन्सने बिनलेबलचे टी-शर्ट २००२ मध्ये गाजावाजा करून आणले आणि मग इतरांनी ती रीत उचलली. तशी छपाई दिसली तर ऐंशीच्या दशकाचे पैसे देऊ नका.