एफ-आकडा आणि भोक

(दृश्य: त्रिपुरी पौर्णिमा. देवळासमोर पेटलेली दीपमाळ, भोवती वर धरलेले फोन.)

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटली की आवारात जितक्या पणत्या तितकेच फोन वर होतात. मग घरी येऊन फोटो बघावेत, तर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका, आजीचा चेहरा रवाळ, आणि वात लावणाऱ्या मुलाचा हात पार फिसकटलेला. उजेड कमी पडला हे कुणालाही कळतं. तो फोनमध्ये नेमका कुठे कमी पडला, ते बघू.

(दृश्य: फोनच्या मुख्य लेन्सचा क्लोज-अप.)

लेन्समधून उजेड ज्या भोकातून आत शिरतो, ते अ‍ॅपर्चर. लेन्सच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सपासून दूरचं चित्र जिथे स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं अंतर) या भोकाच्या व्यासाने भागलं की खोक्यावरचा एफ-आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान, तर भोक मोठं. हिशेब आकड्याच्या वर्गाचा आहे: एफ/२.४ ऐवजी एफ/१.५ असेल, तर सेन्सरच्या, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, तेवढ्याच जागेवर अडीचपट उजेड पडतो.

२०१८ साली सॅमसंगने गॅलेक्सी एस९मध्ये हे दोन्ही आकडे एकाच कॅमेऱ्यात बसवले. भरपूर उजेड असला की दोन इवलीशी पाती आत सरकत, अंधारात बाजूला होत. साध्या डोळ्यांनाही ते दिसायचं. पण २०२०च्या एस२०मध्ये ती पाती गेलीच. फार हळहळायचं कारण नाही. भोक लहान केलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं, पण फोनच्या छोट्या सेन्सरवर ते तसंही बरंचसं स्पष्ट येतं. भोक लहान करून हाती थोडंच लागायचं.

(दृश्य: आयफोन १३ प्रो आणि १४ प्रो, शेजारी शेजारी.)

खरी गंमत इथे आहे. १३ प्रोचा मुख्य कॅमेरा एफ/१.५. २०२२ मध्ये १४ प्रो आला, तो एफ/१.७८. कागदावर चक्क पीछेहाट! आता भागाकार करा. १३ प्रोचं नाभीय अंतर ५.७ मिलिमीटर, म्हणजे भोक ३.८. १४ प्रोचं ६.८६, म्हणजे भोक ३.८५. भोक कमी झालंच नाही, उलट केसभर वाढलं. सेन्सर मोठा केला, त्यावर तेवढंच दृश्य भरायला नाभीय अंतर वाढवावं लागलं, आणि आकडा फुगला. तेव्हा नवा फोन घेताना सेन्सर केवढा आहे तेही विचारा. दुकानदार बहुधा मेगापिक्सेलच सांगेल.

भोकातून जे येत नाही, ते नाइट मोड वेळ लावून मिळवतो. एकामागून एक फ्रेम घ्यायच्या, एकमेकींवर नीट बसवायच्या, रवाळपणा घालवायचा. दगडी दीपमाळ जागची हलत नाही, ती झकास येते. मुलाचा हात थांबत नाही, तो फिसकटतो. त्याला मोठं भोक आणि मोठा सेन्सरच लागतो.

(दृश्य: टेलिफोटो लेन्सवर ठेवलेलं बोट. पडद्यावर चित्र तसंच.)

काळोखात ३एक्सवर, म्हणजे तिप्पट झूमवर, जा आणि टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी, लेन्स बोटाने झाका. बऱ्याच फोनमध्ये चित्र जातच नाही. टेलिफोटोचं एफ/२.८ आणि त्यामागचा बारका सेन्सर एवढ्या उजेडात पुरा पडत नाही, म्हणून फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर आलेला असतो आणि त्यातलाच मधला तुकडा मोठा करून दाखवतो. खाली मात्र ३एक्सच लिहिलेलं असतं.